लठ्ठपणाच्या ओपीडीत जाताना: केसपेपरपासून फॉलोअपपर्यंत

माझी ताई गेली तीन वर्षं एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या लठ्ठपणा ओपीडीत जातेय आणि जवळजवळ प्रत्येक वेळी सोबत मी असते. फाईल सांभाळायची, नंबर पुकारला की उठायचं, डॉक्टर काय बोलले ते लिहून घ्यायचं, ही कामं माझ्याकडे. एवढ्या दिवसांत ओळखीच्या कितीतरी लोकांनी विचारलंय की तिथे नेमकं करतात काय, ऑपरेशनच गळ्यात मारतात का, ओरडतात का, आणि दर वेळी फोनवर सांगताना निम्मं राहून जातं म्हणून आज बसून सगळं लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषध आणि डोस ठरवायचं काम त्यांचं, पण त्या बाकड्यावर बसून जे कळलं ते नव्याने येणाऱ्याला उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी, "माझीच चूक आहे" हे ओझं घरी ठेवून निघा. वजन उतरवलं की शरीर ते परत मिळवायला बघतं, हे मी मनाची समजूत म्हणून सांगत नाहीये. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडून मेंदूला साठा किती आहे ते कळवत असतात, हे हार्मोन १९९४ साली सापडलं. वजन कमी झालं की लेप्टिन घटतं, मेंदूला वाटतं उपासमार चाललीय, मग तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च आखडता घेतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात तर लोकांनी वजन उतरवून वर्ष उलटलं तरी भुकेशी संबंधित हार्मोन्स पूर्वीच्या जागी आलेली नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये लठ्ठपणा हा आजार आहे असं मान्य केलं. मग आजारासाठी दवाखान्यात जाताना मान खाली घालायचं कारण काय.

आता टीम का लागते. ताईचंच सांगते. गुडघे दुखायचे म्हणून चालणं बंद झालेलं, चालणं बंद म्हणून वजन वाढलेलं, वजनामुळे झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, त्यामुळे झोप अर्धवट, दिवसभर पेंग आणि पेंग घालवायला सारखं काहीतरी तोंडात, त्यात डोकेदुखीसाठी चालू असलेली एक गोळी भूक वाढवणारी, आणि या सगळ्यावर मन इतकं खचलेलं की संध्याकाळी दार लावून बसायची. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं वजन कमी करा, डोकेदुखीच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, फॅमिली डॉक्टर म्हणाले चालायला जा. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर होतं पण गुंता एकाच वेळी सगळीकडून सोडवायला हवा होता, आणि तो एका टेबलाभोवती बसूनच सुटतो. स्पेशालिस्ट हॉस्पिटलमध्ये जायचं ते यासाठी.

चिठ्ठी आणि बीएमआय

बऱ्याच ठिकाणी अशा ओपीडीत थेट घेत नाहीत, रेफरल चिठ्ठी लागते. चिठ्ठी नुसती "लठ्ठपणा, कृपया तपासा" अशी घेऊ नका. उंची, वजन, बीएमआय, असलेले आजार, चालू औषधं आणि आजवर काय काय करून बघितलं हे त्यात लिहून मागा, संकोच करू नका, कारण वेटिंग लिस्टमध्ये कोणाला आधी बोलवायचं हे अनेकदा त्या चिठ्ठीवरूनच ठरतं. ही ओपीडी रोज असेलच असं नाही, आठवड्यातला ठरलेला वार असू शकतो, तो आधी विचारून घ्या म्हणजे खेप वाया जात नाही.

बीएमआय घरीच काढता येतो. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १.६० मीटर आणि वजन ९६ किलो असेल तर १.६० गुणिले १.६० म्हणजे २.५६, आणि ९६ भागिले २.५६ म्हणजे ३७.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात २५ च्या पुढे जादा वजन, ३० च्या पुढे लठ्ठपणा, ४० च्या पुढे तिसरी पायरी. आशियाई लोकांना कमी बीएमआयवरच डायबेटिस आणि हार्टचा त्रास सुरू होतो म्हणून त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या आकड्यांपासून लक्ष द्यायला सांगितलंय. आणि एक टेप घेऊन कंबर मोजा. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर पोटातली चरबी वाढलीय असं समजून चालायचं.

पण नुसत्या बीएमआयवरून माणसाची तब्येत कळत नाही. ३६ बीएमआय असलेला एखादा जण बिनतक्रार हिंडतोफिरतो आणि ३१ वाल्याचं लिव्हर खराब झालेलं असतं. म्हणून चांगल्या ओपीडीत एडमंटन स्टेजिंगसारखी पद्धत वापरतात, २००९ मध्ये मांडलेली, त्यात ० ते ४ अशा स्टेज असतात आणि वजनामुळे शरीराचं, मनाचं, रोजच्या हालचालीचं किती नुकसान झालंय ते बघतात. तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारू शकता, "माझी स्टेज कुठली?" या प्रश्नाने बोलण्याची गाडी आकड्यावरून तब्येतीवर येते.

तारीख मिळेपर्यंत घरी करायची तयारी

तारीख लांबची मिळते, कधी कधी महिने लागतात. तो वेळ कामी लावा.

पहिलं, वजनाचा इतिहास एका कागदावर. आडवी रेघ मारा, त्यावर वय लिहा आणि त्या त्या वयाला अंदाजे वजन. मग वजन कुठे चढलं तिथे आयुष्यात काय चाललं होतं ते खाली लिहा. बाळंतपण, नाइट शिफ्ट, घरातलं कोणी गेलं, सिगारेट सोडली, स्टिरॉइड सुरू झालं. ताईची ती रेघ बघून डॉक्टर दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, इथे दीड वर्षात अठरा किलो वाढलंय, इथे काय झालं होतं? तिथे ती डोकेदुखीची गोळी सुरू झाली होती. आमच्या एकाच्याही डोक्यात हे आधी आलेलं नव्हतं.

म्हणून दुसरं, सगळी औषधं पिशवीत घालून न्या. सगळी म्हणजे दुकानातून स्वतः आणलेली, कोणी दिलेल्या पुड्या, काढे, वजनाचे पावडरचे डबे, गर्भनिरोधक गोळ्या, सगळी. वजन वाढवू शकणारी औषधं बरीच आहेत: इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या काही गोळ्या, प्रेडनिसोलोन, ओलान्झापिन आणि क्लोझापिन, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, प्रेगाबालिन, बीपीच्या गोळ्यांपैकी प्रोप्रानोलोल आणि अटेनोलोल. यादी वाचून आजच गोळी बंद करू नका हं, ही माझी कळकळीची विनंती आहे. स्टिरॉइड अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं, फिटचं औषध थांबवलं तर फिट येऊ शकते. बदल करायचा तो लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच, पर्याय असेल तर ते देतील.

तिसरं, दोन आठवड्यांची वही. किती वाजता, काय, किती, आणि खाताना भूक होती की नुसतं मन होतं. झोप किती झाली. एवढंच. आणि त्या दोन आठवड्यांत शहाण्यासारखं खाऊन दाखवायचा प्रयत्न करू नका, वही खरी असली तरच उपयोग.

जमलं तर चौथं, रात्री घोरण्याबद्दल घरच्यांना विचारा. श्वास थांबल्यासारखा होतो का, घुसमटून जाग येते का. हे स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं.

पहिला दिवस

लवकर जा, केसपेपर काढा, सकाळच्या रक्ताच्या तपासणीला उपाशी यायचंय का हे आधीच विचारलेलं असू दे. डायबेटिसवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवा, उपाशीपोटी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन रांगेत उभं राहिलात तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्या सकाळच्या डोसचं काय करायचं ते आधी विचारा आणि रक्त दिल्या दिल्या खायला काहीतरी सोबत ठेवा. सैल बाह्यांचे कपडे, पटकन निघणारी चप्पल.

आता ही गोष्ट मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण ती फार कमी जणांना माहीत असते. बीपीचा पट्टा. ताईचं बीपी आधी एका दवाखान्यात बघितलं होतं तेव्हा पट्टा दंडाला कसाबसा पोचत होता, वेल्क्रो दोनदा सुटला, सिस्टरनी हाताने दाबून धरून हवा भरली आणि आकडा आला १५८/९६, घाबरून आम्ही घरी आलो. लठ्ठपणा ओपीडीतल्या सिस्टरनी आधी दंडाचा घेर टेपने मोजला, कपाटातून मोठा पट्टा काढला, पाच मिनिटं ताईला टेकून बसवलं, हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि मग मोजलं तर १३६/८४. पट्टा लहान असला की बीपी खोटं जास्त दाखवतं. पट्ट्यातला हवेचा फुगा दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भागाभोवती यायला हवा. तुमचा पट्टा सुटत असेल, टोचत असेल तर "सिस्टर, मोठा पट्टा आहे का?" हे विचारायचंच, कुठल्याही ओपीडीत.

तसंच हात नसलेली रुंद खुर्ची मागा. वजन पडद्याआड करायची विनंती करा, आकडा मोठ्याने वाचू नका म्हणून सांगा, बहुतेक सिस्टर ऐकतात. सीटी किंवा एमआरआय लिहिला असेल तर मशीनची वजनाची मर्यादा आधी फोनवर विचारून घ्या, टेबलापर्यंत जाऊन परत यावं लागलं की माणूस आतून तुटतो.

सोबत येणाऱ्यांसाठी एक सांगते. डॉक्टरांसमोर बसून "हिला जरा तुम्हीच सांगा, आमचं ऐकत नाही" असं म्हणू नका. मी पहिल्या खेपेला हे म्हटलं होतं. ताई त्यानंतर त्या खोलीत एक शब्द बोलली नाही आणि परतीच्या वाटेत पण नाही. आता मी फक्त लिहून घेते, आणि मानसोपचाराच्या खोलीत तर बाहेरच थांबते.

कोणाकडे काय बोलायचं

टीममध्ये साधारण फिजिशियन किंवा हार्मोनचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, फिजिओ, सर्जन आणि नर्स असतात, गरजेप्रमाणे झोपेचे, लिव्हरचे, स्त्रीरोगाचे डॉक्टर.

फिजिशियन तपासण्या लिहितात: एचबीएवनसी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ६.५ किंवा वर म्हणजे डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर), कोलेस्टेरॉल, लिव्हर, किडनी, थायरॉइड. बऱ्याच जणांना वाटतं थायरॉइड निघालं की सगळा उलगडा झाला. पण थायरॉइड कमी असण्याने वाढणारं वजन सहसा थोडंच असतं, गोळी सुरू करून तीस किलो उतरतील अशी आशा धरू नका. अंगावर रुंद जांभळे चट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, बसलेलं उठताना मांड्यांत जोर नसणं असं काही असेल तर मात्र मुद्दाम सांगा, तेव्हा कॉर्टिसॉल नावाच्या हार्मोनची वेगळी तपासणी करतात. घोरण्याचं सांगितलं की झोपेची तपासणी होते. ताईला रात्री नाकावर सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, लावायला लागलं, पहिला आठवडा तिने मास्क काढून फेकला, मास्कचा साइज बदलून घेतला आणि महिन्याभरात दुपारची पेंग गेली. त्यानंतर बाकीचं करायला अंगात त्राण आलं.

आहारतज्ज्ञांकडे वही द्या आणि घरची परिस्थिती सांगा. स्वयंपाक कोण करतं, किती जणांचा, ड्युटी किती वाजता सुटते, महिनाअखेरीला काय परवडत नाही. छापील डाएट चार्ट हातात मिळाला आणि तो तुमच्या घरात चालणार नाही हे तुम्हाला तिथेच दिसत असेल तर तिथेच बोला. मान डोलावून घरी येऊन चार्ट ड्रॉवरमध्ये टाकणं हे सगळ्यात जास्त होतं. रोजच्या गरजेपेक्षा ५०० ते ६०० कॅलरी कमी, असा सुरुवातीचा हिशोब बऱ्याचदा असतो. दिवसाला ८०० च्या आसपास कॅलरीचे प्रकार पण आहेत. २०१७ च्या डायरेक्ट नावाच्या ब्रिटिश अभ्यासात साधारण तसाच आहार काही महिने देऊन, नंतर हळूहळू नेहमीचं जेवण सुरू करून, वर्षाअखेरीला ४६ टक्के लोकांचा टाइप २ डायबेटिस गोळ्यांशिवाय आटोक्यात आलेला होता. पण ते सगळं देखरेखीखाली, शुगर आणि बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी आधी कमी करून. घरी बसून कोणी हे करायला जाऊ नका, चक्कर येऊन पडाल.

सायकॉलॉजिस्टचं नाव काढलं की लोक बिचकतात, "मी काय वेडी आहे का" म्हणतात. ताई पण म्हणाली होती. पहिल्या दोन भेटींत तिने सगळं छान आहे असंच सांगितलं. तिसऱ्या वेळी त्या मॅडमनी फक्त विचारलं की सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात दिवा लावता की नाही. ताई बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, नाही लावत. तिथून खरी सुरुवात झाली. थोड्या वेळात भरमसाट खाणं, थांबवता न येणं, आणि नंतर स्वतःची किळस येणं, याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात, तो ओळखता येतो आणि त्यावर उपचार आहेत. पण तो लपून राहिला तर बाकीचे सगळे उपाय पाण्यात. म्हणून ही खोली टाळू नका, आणि पहिल्या भेटीत सांगता नाही आलं तरी दुसऱ्यांदा जा.

फिजिओकडे गुडघे, कंबर, दम लागणं हे सांगा. सहा मिनिटांत किती अंतर चालता ते ते मोजतात आणि तिथून पुढे वाढवतात. संधिवाताच्या लोकांवर केलेल्या एका अभ्यासात वजन १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने हलका होतो असं दिसलं होतं, त्यामुळे पाच किलो उतरले की लोक म्हणतात फरक पडला तो खरंच पडलेला असतो. आठवड्याला १५० मिनिटं हे ध्येय ऐकून दडपून जाऊ नका. ताईने सुरुवात खुर्चीवरून उठबस करण्यापासून केली, सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच. आणि वजन उतरताना चरबीबरोबर स्नायू पण जातात म्हणून ताकदीचे व्यायाम फिजिओकडून मुद्दाम मागून घ्या.

नर्सचा नंबर घ्या. कुठल्या खिडकीला कधी जायचं, रिपोर्ट कुठे अडकला, दोन विभागांच्या तारखा एकाच दिवशी मिळतील का, हे सगळं त्यांना माहीत असतं.

एक अडचण हमखास येते, दोन विभाग दोन सांगतात. आम्हाला एका ठिकाणी प्रोटीन वाढवा म्हणाले, दुसरीकडे किडनीचा रिपोर्ट बघून कमी ठेवा म्हणाले. अशा वेळी स्वतः मधला मार्ग काढत बसू नका. टीमची मीटिंग असते, तिथे सगळे एकत्र बसून केस बघतात. "माझी केस मीटिंगमध्ये ठेवाल का, हा प्रश्न आहे" असं एका ओळीत लिहून फाईलच्या पहिल्या पानाला लावा. तसंही पहिल्या पानावर एकच कागद असा ठेवा ज्यावर आजार, चालू औषधं, ॲलर्जी, शेवटचे रिपोर्ट आणि पुढची तारीख आहे. सरकारी हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात, दर वेळी नवा चेहरा असतो, त्याला साठ पानं चाळायला वेळ नसतो, हा एक कागद तो नक्की वाचतो.

इंजेक्शनांबद्दल

सध्या सगळे वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दलच विचारतात. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा, आणि टिर्झेपाटाइड पण तसंच. पोटातल्या हार्मोनसारखं काम करतात, भूक कमी होते, पोट लवकर भरल्यासारखं वाटतं. २०२१ च्या अभ्यासात सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅमवर ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, नुसत्या जीवनशैलीतल्या बदलांवर २.४ टक्के. २०२२ च्या अभ्यासात टिर्झेपाटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. आकडे मोठे आहेत, नाकारण्यात अर्थ नाही.

पण इंजेक्शन थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनातलं साधारण दोन तृतीयांश परत आलं, हेही सेमाग्लुटाइडच्या त्याच अभ्यासातल्या लोकांवर दिसलं. म्हणून सुरू करण्याआधीच विचारा की हॉस्पिटलच्या फार्मसीत हे मिळतं का, किती महिने मिळेल, मध्येच संपलं तर काय करायचं. माझं स्पष्ट मत आहे की चार महिने कर्ज काढून घ्यायचं आणि सोडून द्यायचं यापेक्षा नीट सोय झाल्यावर सुरू केलेलं बरं.

सुरुवात लहान डोसने, मग साधारण चार चार आठवड्यांनी वाढवतात. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ सुरुवातीला होतं, थोडं थोडं सावकाश खाल्लं की कमी होतं. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीत कळ जात असेल तर थेट इमर्जन्सीला जा, स्वादुपिंडाला सूज असू शकते. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर ते आधी सांगा, ही औषधं देत नाहीत. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवतात. टिर्झेपाटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, सुरू केल्यावर आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरायला सांगतात. आणि ऑनलाइन कोणाकडून बिनापावतीचं पेन अजिबात घेऊ नका, आत काय आहे ते कोणालाच सांगता येणार नाही.

ऑपरेशनचा विषय निघाला तर

सर्जनना भेटलात म्हणजे हो म्हटलं असं होत नाही, भेटून घ्या. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाइनप्रमाणे बीएमआय ३५ आणि वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशनचा सल्ला देतात, ३० ते ३५ मध्ये डायबेटिससारखा आजार असेल तर विचार करतात, आशियाई लोकांना ऑपरेशनचा पर्याय २७.५ पासूनच देतात. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, तो परत येत नाही. बायपास नावाच्या दुसऱ्या प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात.

सर्जनना विचारायचे प्रश्न: माझ्यासाठी हेच का, तुमच्याकडे ही किती होतात, आतल्या टाक्यांतून गळती किंवा रक्तस्राव झाला तर रात्री कोणाला फोन करायचा, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या हॉस्पिटलमधून मिळतील का. शेवटचा प्रश्न छोटा वाटतो पण गोळ्या आयुष्यभराच्या आहेत, बी१२, लोह, कॅल्शियम, डी. त्या सुटल्या की वर्षा-दोन वर्षांत रक्त कमी होतं, हातापायाला मुंग्या येतात.

आधी सिगारेट बंद. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा खास आहार देतात, त्याने लिव्हर आकसतं आणि सर्जनला जागा मिळते, तो मनापासून पाळा. नंतर आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ असं पुढे जायचं, प्रोटीन दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या, खास करून बायपासनंतर, टाळायच्या असतात, अल्सर होतो, म्हणून यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ऑपरेशनचं आधी सांगा. दारू फार पटकन चढते. १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, आणि वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन दिवस लवकर राहू शकतात हे लक्षात असू दे. उलट्या थांबतच नसतील तर तारखेची वाट बघू नका, बी१ कमी पडून मेंदूला इजा होते, त्याच दिवशी जा.

ताईने ऑपरेशन केलं नाही. तिला नको होतं, टीमने ते मान्य केलं, कोणी रागावलं नाही. तिच्याच बरोबर बाकड्यावर बसणाऱ्या एका काकूंनी केलं आणि त्या खूश आहेत.

आकडा थांबतो तेव्हा

साधारण सहा-आठ महिन्यांनी वजन उतरायचं थांबतं, वर सांगितलेल्या हार्मोन्समुळे. लोक इथेच ओपीडी सोडतात. खरं तर ५ टक्के उतरलं तरी शुगर आणि बीपी सुधारतं, १० टक्क्यांच्या पुढे लिव्हरची चरबी आणि झोपेतला श्वास यात चांगला फरक दिसतो. ९६ किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे पाच किलोपेक्षा कमीच. म्हणून वजनाच्या शेजारी आणखी चार रकाने ठेवा: कंबर, किती मजले न थांबता चढता, रात्री किती वेळा जाग येते, किती गोळ्या कमी झाल्या.

मध्येच फॉलोअप चुकतो. ताईचा चार महिने चुकला, घरात आजारपण होतं, वजन सहा किलो परत आलं आणि ती जायलाच तयार नव्हती, म्हणायची काय तोंड दाखवू. मी नर्सबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, जुनी फाईल घेऊन या, नवा केसपेपर काढू नका, नाहीतर परत पहिल्यापासून नंबर लागेल. हे तुम्ही पण लक्षात ठेवा. गेलो, मोठा पट्टा लावून बीपी घेतलं, पडद्याआड वजन झालं, सिस्टरनी तारीख आणि आकडा लिहिला आणि पुढची तारीख नेहमीच्या सहा आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांची दिली. वजन परत वाढलं असेल तर तुम्ही पण अशी जवळची तारीख मागून घ्या.